फक्त बी.एस्सी.

आई, गेल्या आठवड्यात मी एका माणसाचं मनगट मोडलं. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगावं ते कळत नाही.

तू जरीपटका वस्तीतल्या खानावळीत पोळ्या करायचीस, तेव्हाचा एक दिवस सारखा आठवतो. मी एम.एस्सी.ला प्रवेश घेतला म्हणून बाबा तिथं आले आणि केस धरून मला भट्टीपाशी ओढत नेलं. तू पोळी उलटायचा तापलेला सराटा तव्यावरून उचललास आणि त्यांच्या हातावर टेकवलास. कातडी जळाल्याचा वास आला. "पोरीले हात लावशील तं दुसराबी भाजीन," एवढंच तू म्हणालीस. घरी आल्यावर त्यांनी तुझे पुढचे दोन दात पाडले. तू चूळ भरते आहेस, मोरीतून लाल पाणी वाहतं आहे, आणि तू मला म्हणतेस, "शिकत राह्य वं. मांगं पाहू नको."

मी शिकत राहिले. पीएचडीचं शेवटचं वर्ष तू पाहिलं नाहीस. पुढे कॉलेजात तासिकांवर शिकवलं, मग तासिकाही बंद झाल्या. मिहान औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीतला साहेब माझी फाईल पाहून हसला. "मॅडम, इतकं शिकून इथं काहून येऊन राहिल्या? दोन महिन्यांत सोडून जाल." बाकी ठिकाणीही हेच ऐकलं. शेवटी अर्जात फक्त बी.एस्सी. लिहिलं, आणि औषधांच्या एका कारखान्यात लॅबमध्ये लगेच नोकरी लागली.

ती बरी चालली होती. मग कुणीतरी सुपरवायझरला माझा पीएचडीच्या पदवीदानाचा जुना फोटो दाखवला. तो सगळ्यांसमोर माझ्यावर धावून आला. "डॉक्टरीणबाई, आम्हाले फसवून राहिली का?" ओळखपत्र काढून घ्यायला त्यानं माझ्या गळ्यातली पट्टी ओढली. पट्टी तुटेना, तरी तो ओढतच राहिला. श्वास अडकला, डोळ्यांपुढे अंधारी आली. हाताला लोखंडी स्टँड लागला, तो मी त्याच्या मनगटावर घातला. पट्टी सुटली. तरी पुन्हा एकदा घातला, आणि हाड मोडलं ते तेव्हा.

ठाण्यात हवालदारानं शिक्षण विचारलं. मी खरं ते सांगितलं. त्याचा पेन थांबला. "एवढं शिकून मारामारी करता, मॅडम?" कॅमेऱ्यात सगळं दिसत होतं, म्हणून सुपरवायझरनं तक्रार मागे घेतली. माझी नोकरी मात्र गेली.

तू असतीस तरी हे पत्र तुला वाचून दाखवलं नसतं. एम.एस्सी. झाल्यावर मला थांबायचं होतं, आई. पीएचडी मला नकोच होती. तुझ्यासमोर तसं म्हणायची हिंमत झाली नाही.