अक्काला एकटीलाच मकावला जायचंय

मंगळवार, जळगाव

माझी थोरली बहीण अक्का उद्या एकटीच मकावला निघणार. तिचा मुलगा तिथल्या हॉटेलात आचारी आहे. तो जिन्यावरून पडला, डोक्याला मार लागलाय. मी गेलो असतो, पण माझ्याकडे पासपोर्टच नाही.

विमान हाँगकाँगला उतरणार, पण तिथे शिरायची परवानगी तिला मिळाली नाही. म्हणून विमानतळाबाहेर पडायचं नाही, आतूनच मकावची बस धरायची. बाहेर पडायचं नाही, हे मी संध्याकाळभर तिच्याकडून घोकून घेतलं. विमानात दिलेल्या सामानाची चिठ्ठी बसच्या तिकिटाच्या खिडकीवर दाखवायची, म्हणजे सामान तेच बसमध्ये चढवतील, तेही. चुकून बाहेरच्या रांगेत लागली तर? परत पाठवतील का?

"माले बठ्ठं समजस, भाऊ," ती म्हणाली. सगळं समजतं म्हणे. मग हळूच, "पण पोऱ्या माले वळखी ना?"

ओळखेल, म्हणालो. तिच्याकडे बघवलं नाही.