क्वार्टर मिळालं की

अहो,

फौजेतल्या प्रत्येक बदलीला तुम्ही पुढे जायचात. बर्फात, वाळवंटात, पार त्या बेटावरही. "क्वार्टर मिळालं की बोलावतो," म्हणायचात. मग मी ट्रंकेवरचा जुना पत्ता खरवडून ठेवायची आणि नवा कधी कळवताय याची वाट बघायची.

दवाखान्यातही शेवटी तेच म्हणालात. मी चिडले, "गप्प पडा, कुठेही जायचं नाहीये!" तरी गेलातच.

लेक म्हणते, "आई, ट्रंक उघड, बाबांचे कपडे देऊन टाकू." तिला काय सांगू? पत्ता खरवडून झालाय, रंगाचा डबा उघडून बसलेय. हे पत्र तरी कुठे टाकू?

इतका उशीर कधी केला नव्हतात हो. एकच खोली असली तरी चालेल, पण बोलवा.

तुमची,
सामान बांधून बसलेली