इसिंगची दाढी आणि जीवनगौरव

सान उर्बानो,
मे महिन्याचा शेवटचा सोमवार

चि. फाउस्तो यास होनोराता ताईचे आशीर्वाद.

तू आणि लूझ तोरिनोत खुशाल आहात असे मी धरून चालते, कारण काही बिघडले असते तर तुझा फोन आला असता. लूझची पाठ कशी आहे? तिला म्हणावे, कामावर तिथल्या म्हाताऱ्यांना उचलताना गुडघ्यांत वाकावे, कमरेत नव्हे. माझा रक्तदाब ताब्यात आहे, दुखरी दाढ काढून टाकली. तू पाठवलेला खोका पोचला. चॉकलेटे वितळून साबणांना चिकटली होती. साबण टाकून देणाऱ्यांपैकी मी नाही, त्यामुळे सध्या मला चॉकलेटचा वास येतो आणि गल्लीतली कुत्री चर्चपर्यंत सोबत येतात.

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू 'हो ताई, हो ताई' म्हणतोस आणि करत काहीच नाहीस. विषय आपल्या बहिणीचा, इसिंगचा आहे. तिने मनिलाला परत जाऊन काम करावे की इथे माझ्याकडे राहावे, हे ती तुला विचारणार आहे. (मला विचारलेले नाही. घर माझे आहे.) तेव्हा उत्तर देण्याआधी सगळी हकीकत तुला माहीत असावी.

मार्चमध्ये तिला जीवनगौरव पुरस्कार मिळाला हे तू जाणतोसच. तू फोनवर रडलास हेही मला कळले. आता विचार कर. ही बाई चाळीस वर्षे लिरियो मोंतानेस या नावाने पडद्यावर दुष्टपणा करते आहे. उत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्री म्हणून तिचे नाव दर थोड्या वर्षांनी यायचे आणि जायचे, आणि बक्षीस जिला मिळे तिला इसिंगनेच त्या वर्षी जिन्यावरून ढकललेले असे. हरल्यावर हसत टाळ्या वाजवण्याचा एक चेहरा तिने बसवून ठेवला आहे. माझ्या मते तिचे सर्वांत चांगले काम तेच, पण ते कुणी चित्रपटात घेतले नाही. असो. यंदा त्यांनी तिला खांबाआडच्या टेबलावर बसवले. आधी वर्षभरात वारलेल्या कलावंतांची छायाचित्रे पडद्यावर दाखवली, मागे रडके व्हायोलिन. ते व्हायोलिन थांबायच्या आतच निवेदकाने तिचे नाव पुकारले. शेजारच्या बाईने क्रूसाची खूण केली. इसिंग व्यासपीठावर गेली, आभार मानले, खाली आली आणि मला फोन करून म्हणाली, "ताई, हे बक्षीस नव्हे गं, निरोप आहे. मी येतेय."

आली ती भाड्याची जीप भरून. टोप, खोट्या पापण्या, तलम झगे आणि ते बक्षीस. बक्षीस म्हणजे सोनेरी रंगाची एक बाई, तोंड नसलेली, हात वर केलेले, वजन तांदळाच्या पोत्याइतके. समुद्रावरून वारा सुटला की माझे मागचे दार आपटते, म्हणून मी ती दाराला लावून ठेवली. इसिंगला राग आला. मी म्हटले, इतक्या वर्षांत प्रथमच काहीतरी तुझ्या बाजूने घट्ट उभे राहिले आहे, राहू दे.

मग बाजाराचा प्रकार झाला. तिनांग मासळीवाली तुला आठवत असेल, भुवया नसलेली. तिने इसिंगला मासा द्यायला नकार दिला, का, तर इसिंगने मालिकेत एका अनाथ मुलीच्या डोळ्यांत काहीतरी ओतून तिला आंधळी केली होती. इसिंग म्हणाली, "अहो, ती पुढं बरी झाली की!" तिनांग म्हणाली, "देवाच्या कृपेनं झाली. तुझ्या नाही. हो बाजूला, माशा बसतायत." आम्ही तीन दिवस भोपळा खाल्ला.

एवढ्यात आपल्या वस्तीची निवडून आलेली कप्तान चोलेंग हिला गावच्या कन्येचा अभिमान आठवला. चौकात अभिनंदनाचा भला मोठा फलक लागला. त्यावर चोलेंगचा चेहरा टोपलीएवढा आणि इसिंगचा बशीएवढा, तोही तरुणपणीचा, त्यामुळे लोकांना वाटले चोलेंगच्या मुलीला नोकरी लागली. मग चोलेंग अख्खी समिती घेऊन माझ्या अंगणात आली. मी केलेले नारळाच्या दुधातले भाताचे उंडे सगळे खाऊन झाल्यावर म्हणाली की, यंदाच्या सांताक्रूसानला, पवित्र क्रूसाच्या मिरवणुकीत आपल्या लाडक्या लिरियोला मानाचे स्थान द्यायचे ठरले आहे.

फाउस्तो, मी इसिंगकडे पाहिले. ती सोळा वर्षांची असल्यापासून तिला त्या मिरवणुकीत राणी एलेना व्हायचे होते, फुलांच्या कमानीखालून, मानाने सगळ्यांच्या शेवटी, हातात क्रूस घेऊन. त्या वर्षी राणी झाली चोलेंग. (तिच्या वडिलांनी बँडचा जेवणखर्च उचलला होता.) इसिंगने मान खाली घातली, 'अगं माझं आता वय का' असे म्हणायला तोंड उघडले, आणि चोलेंग म्हणाली, "तर तुम्ही मेथुसेला व्हा."

मेथुसेला! गाड्यावर बसून सगळ्यांच्या पुढे जाणारा तो बायबलातला, नऊशे वर्षे जगलेला, दाढीवाला, वाकलेला म्हातारा. एका हातात आरसा, दुसऱ्या हाताने कढईत वाळू भाजत असतो, की बाबांनो, मागून येणाऱ्या सगळ्या थाटाची शेवटी धूळ होणार आहे. गावातला कानोर दरवर्षी मेथुसेला व्हायचा, कारण तसाही तो प्यायलेलाच असे आणि त्याला गाड्यावर बसवणे सोपे जाई. यंदा तो मुलीकडे सेबूला गेला. राणी अर्थातच चोलेंगची भाची. "जीवनगौरव मिळालेलं दुसरं कोण आहे गावात?" चोलेंग म्हणाली. "वयाला शोभेल असं बघितलं."

इसिंग उठून खोलीत गेली आणि तिने कडी लावली. मी चोलेंगला म्हटले की, शाळेत तुला इतिहासात मी ढकलून पास केले ते चुकलेच. ती म्हणाली, "बाई, माझी शाळा दुसरी होती." तिचे म्हणणे खरे होते, पण मी शब्द मागे घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी इसिंग बाहेर आली आणि तिने विचारले, "ताई, हा माणूस वाळू का भाजतो?" मी म्हटले, प्रथा आहे. ती म्हणाली, प्रथा समितीला पुरते, त्याला स्वतःला काहीतरी वाटत असेल. त्यानंतर माझ्या घरात शांतता राहिली नाही. फादरना विचारून आली. किनाऱ्यावरची वाळू नको, ती चमकते, म्हणून नदीची आणली. माझ्या चांगल्या कढईत भाजली. (कढई गेली.) माझ्या दिवंगत नवऱ्याची काठी घेऊन अंगणात अशी चालायची की शेजारची म्हातारी तिला बघून स्वतः ताठ चालू लागली.

मिरवणुकीचे थोडक्यात सांगते. पोरे दरवर्षी मेथुसेलाला चिंचोके मारतात. यंदाही हातात घेऊन उभी होती. गाडा आला. इसिंग काहीच करत नव्हती. कढईकडे पाहत वाळू हलवत होती, जशी आई शेवटचा मूठभर तांदूळ परतताना पाहायची तशी. मग तिने वर पाहिले, मूठभर वाळू घेतली आणि हळूहळू सोडली. चिंचोके पोरांच्या हातातच राहिले. मग तिने आरसा उचलला. कानोर त्यात स्वतःचे दात बघायचा. हिने तो लोकांकडे फिरवला, एकेकाकडे, आणि चोलेंगसमोर आल्यावर जरा जास्त वेळ धरला. चोलेंगने केस सारखे केले आणि मग कशाने कोण जाणे, हात खाली घेतला. लोक गाड्यामागे चालू लागले ते चर्चपर्यंत. राणी एलेना चौकात राहिली, कमान धरणारे आणि तिची मावशी यांच्यासह.

चर्चच्या दाराशी तिनांग डोळे पुसत पुढे आली, केळीच्या पानात गुंडाळलेला भाजका बांगुस मासा हातात. "आजोबा, घ्या हो," म्हणाली, "सकाळपासून काही खाल्लं का तुम्ही?" इसिंगने दाढी काढली. तिनांग किंचाळली, "तू?" आणि मासा परत घेतला. सगळे बघत होते. तिनांगने माशाकडे पाहिले, इसिंगकडे पाहिले आणि मासा तिच्या मांडीवर आपटला. "खा. पण त्या पोरीचे डोळे मी विसरलेले नाही."

इसिंगने तो घरी मागच्या पायरीवर बसून खाल्ला, हनुवटीला डिंक तसाच. काटासुद्धा ठेवला नाही. मला विचारले नाही.

आता मुद्दा. कुणीतरी त्या मिरवणुकीचे चित्रण मनिलाला पोचवले आणि नव्या मालिकेसाठी बोलावणे आले: दुष्ट आजी, मुख्य भूमिका. तुझे ती ऐकते. तू तिला स्पष्ट सांग की जा. न्हाणीघर ती तासभर अडवते. माझ्या खुंट्यांवर तिचे टोप असतात आणि सकाळी चष्म्याशिवाय मला वाटते की घरात पाहुणे आले आहेत. कलावंताने कलेच्या गावी असावे. लूझला आशीर्वाद. पाठीची काळजी घे, दोघांच्या.

तुझी मोठी बहीण,
होनोराता

ता. क. पुढच्या खोक्यात कढई पाठव. जाड बुडाची. चॉकलेट नको.

ता. क. २. इसिंग आता बाजारात गेली आहे, म्हणून लिहिते. वरचे सगळे लिहिताना ती माझ्या खांद्यावरून वाचत होती. जा असे तिला सांगू नकोस. मनिलातल्या तिच्या घराला तीन जिने आहेत आणि तिचा डावा गुडघा वाजतो. इथे तिनांग आता रोज तिच्यासाठी मासा बाजूला ठेवते, आणि त्यामुळे मलाही बरा मिळतो. राहा, असे मी आयुष्यात कुणाला म्हटलेले नाही, आता या वयात जमणार नाही. तू म्हण. माझे नाव मध्ये आणू नकोस.

ता. क. ३. ती सोनेरी बाई मी दारापासून काढून देव्हाऱ्यात बाळ येशूच्या शेजारी ठेवली आहे, पण केवळ ओल येते म्हणून.

फाउस्तो, मी इसिंग. ताई इतकी वर्षं पाकिटं चिकटवते, पण अजून नीट चिकटवता येत नाही. सगळं वाचलं. मनिलाला कालच कळवलंय: आजी करीन, पण राहीन इथं. चित्रीकरण असेल तेव्हा बसनं जाईन. ताईला यातलं काही बोलू नकोस. तू रविवारी फोन कर आणि मला चांगलं दरडावून सांग, की राहा म्हणून. मी आधी 'नाही' म्हणेन, मग थोडी रडेन. ताई दाराआडून ऐकत असेल, तेव्हा तूही जरा जीव ओतून बोल. आणि कढया दोन पाठव, वाळूची वेगळी.