यंत्राला ळ बसला

अकोला, मंगळवार, ४ जून १९६३

आज अखेर ऑफिसच्या नव्या टाइपरायटरला ळ बसला. यंत्र हिंदीचं, त्यात ळ नव्हताच. मी ल छापून वर पेनाने ळ करायचे. गेल्या महिन्यात एका कागदावर विसरले. आमच्या वारलेल्या शिपायाची बायको, अकोटच्या कमळाबाई, यांचा पेन्शनचा अर्ज नाव जुळत नाही म्हणून परत आला.

मेकॅनिक म्हणाला, "एक अक्षर काढल्याबिगर जागा नाही. कोणतं काढू?"

हेडक्लार्क म्हणे, साहेबांना विचारा. मी म्हटलं, ङ काढा. ङ कुणाच्या नावात असतो?

दुपारी कमळाबाई एसटीने आल्या. मी नवा अर्ज टाइप केला.

"मीच नाव चुकीचं सांगतलं असन," त्या म्हणाल्या. "आमी त कमयाच म्हनतो." त्यांच्या बोलीत ळ चा य होतो.

गप्प राहता आलं असतं. पण मी सांगितलं, "चूक माझी होती."

त्यांनी पदराने तोंड पुसलं. "मंग बरं झालं, बाई. मले वाटलं, आमच्या मालकायच्या नोकरीतच काही खोट निंगाली."

महिनाभर ही धास्ती त्यांनी एकटीने वागवली. अंगठा घेताना मला त्यांच्याकडे बघवेना.