खंडेनवमीला बंद केलेली पेटी

पनवेल,
शनिवार, ४ ऑक्टोबर २०२५

चि. अंकुश,

बापाचा आशीर्वाद घे. मी बरा हाय. गुडघा हाय तसाच हाय. तू आणि प्राजक्ता बरी असाल, नसता तर तिने कळवलं असतं, तू काय कळवणार.

कागदावर लिहितोय कारण फोनवर आपण दोघं एका मिनिटात वरच्या पट्टीत जातो, मग तू "बाबा, मीटिंग हाय" बोलून ठेवून देतोस. कागद मधेच कापता येत नाय. सातवीपर्यंतचं शुद्धलेखन हाय, चुका काढू नको.

कामाचं सांगतो. तुझी माळ्यावरची पेटी बंद पडली. बुधवारी लाईट जात-येत होती, त्यात गेली असेल. मी काय केलेलं नाय.

खरं सांगू, पेटी गेली तर माझ्या घरातलं एक थेर कमी झालं असंच मी बोललो असतो. तू ती बसवलीस तेव्हा दोन तास माझं डोकं खाल्लंस. आपले फोटो, आपले कागद, दाराचा कॅमेरा, गाणी, सगळं आपल्या घरच्या मशीनवर ठेवायचं, परक्या कंपनीच्या कपाटात का ठेवायचं? बरं बाबा, बरोबर हाय. इथपर्यंत मला पटलं. मग तू बोललास, या मशीनमध्ये नऊ डबे हायत. फोटोंचा डबा वेगळा, गाण्यांचा वेगळा, कॅमेऱ्याचा वेगळा. मी बोललो, उघड आणि दाखव. तू बोललास, डबे दिसत नायत बाबा, नुसते आत असतात, एक सांडला तर दुसऱ्याला लागू नये म्हणून. आणि नववा डबा कशाला? तर बाकीचे आठ डबे नीट हायत का ते बघायला! तळोज्याला आमच्या कंपनीत असेच होते, काम करणारे दोन आणि बघणारे सहा.

त्याच्यावर तुझा तो खाजगी बोगदा. तू पुण्यात बसून त्यातून घरच्या पेटीत येणार, दुसऱ्या कोणाला वाट दिसणार नाय. मोठं कौतुक सांगितलंस. घाटात पण बोगदे हायत, त्यातून एसटी येते, माणसं उतरतात. तुझ्या बोगद्यातून आयच्या तेराव्यापासून चौदा महिन्यांत माणूस म्हणून कोण उतरलेलं मी बघितलं नाय. तुझ्या आयचं वर्षश्राद्ध तू पुण्यात केलंस, मी इथं केलं. एका बाईची दोन श्राद्धं. ती असती तर दोघांना झाडूने हाणलं असतं.

असो. मला पेटीचं काय पडलेलं नाय. पडलंय ते संजनाला. दसऱ्याला सोनं द्यायला आली, तिनेच सांगितलं, मामा, दादाला पुण्यातून पेटी लागत नाय. आणि रडायला लागली. तुझ्या मैनाआत्याची पोर, खारघरला एवढ्या मोठ्या ऑफिसात बसते, आणि माझ्या ओट्यावर मुसुमुसु रडते. सोळा नोव्हेंबरला तिची हळद हाय. तुझी आय धवलारीण, पंचवीस गावांतून हळदीला गायला तिला गाडी यायची. संजनाच्या हळदीला मीच गाणार, हे तिने ही पोर पाळण्यात असताना सांगितलेलं. दुखणं आलं तेव्हा तिला कळलं की आपण काय तोवर पोचत नाय, म्हणून तिने तुझ्या मशीनपुढं बसून हळदीचे धवले गाऊन ठेवले. संजनाचं नाव घालून, नवऱ्याच्या नावाला जागा सोडून. ते सगळं त्या पेटीत हाय. संजनाच्या ऑफिसातल्या पोरी बोलल्या, अगं मग डीजे लाव की. त्यांना काय सांगणार. भटजी उशिरा आला तरी चालतं, धवलारिणीशिवाय आमच्यात हळद लागत नाय.

तर पेटी चालू कशी करायची ते पाच ओळींत लिहून पाठव. पाच म्हणजे पाच.

महादेव


पनवेल,
शनिवार, ११ ऑक्टोबर २०२५

चि. अंकुश,

आशीर्वाद. तुझी चार पानं संजनाने ऑफिसात छापून आणली. मी पाच ओळी मागितल्या होत्या. शाळेत पण तुझा हाच प्रॉब्लेम होता, बैलावर निबंध दिला की तू गोठा बांधण्यापासून सुरू करायचास.

पहिल्याच पानावर लिहिलंयस, "लाईट गेली असेल तर काळजी नको, खालची बॅटरी वीस मिनिटं पेटी धरते, मग पेटी स्वतःच नीट बंद होते." संजनाने ते मोठ्याने वाचलं, आणि वर माझ्याकडं बघितलं. मैना अशीच बघायची लहानपणी, मी काय लपवलं की.

लाईट गेली नव्हती. पेटी मी बंद केली.

बुधवारी खंडेनवमी होती. एकोणतीस वर्षं मी मेंटेनन्समध्ये काढली, त्या दिवशी प्लांटमध्ये एक मोटार फिरायची नाय. मेन खाली, सगळं पुसून हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि दसऱ्याला सकाळी नारळ फोडून चालू. आमचा फोरमन कमळाकर बोलायचा, आज मशीनला सुट्टी दिली नाय तर ती वर्षभरात कोणाचा तरी हात मागते. घरी पण मी तेच करतो, तुला माहीत हाय. कोयता झाला, विळी झाली, पान्यांचा डबा झाला, मिक्सर झाला, स्कूटर झाली. आणि वर माळ्यावर ही एकटी घूं घूं करत बसलेली. सगळ्यांना आराम आणि ही कोण मोठी लागून गेली?

तुझी चिठ्ठी पेटीवर चिकटवलेली होती. "बाबा, थेट वायर काढू नका." मोठी अक्षरं, खाली दोन रेघा. मी वाचली. वाचली म्हणूनच काढली. माझ्या घरातली मशीन कधी बंद करायची ते पुण्यातून चिठ्ठी लावून मला सांगणार? बॅटरीच्या मागून सरळ उपटली. खाली आणली, ओल्या फडक्याने पुसली, कुंकू कालवून चार बोटं ओढली, माळ घातली. बोटं नेमकी जाळीवर ओढली गेली. जाळीच्या आत पंखा असतो हे मला, मेंटेनन्सच्या माणसाला, तेव्हा आठवलं नाय. शिव्या काय घालायच्या त्या घाल, माझ्या घालून झाल्यात.

दसऱ्याला सकाळी बॅटरी बाजूला ठेवून थेट बोर्डाला लावली. आतून आवाज आला, कट्, कट्, कट्. मी तो आवाज ओळखतो. फिरणारी वस्तू जागेवर बसत नसली की असाच येतो, मग ती छोटी असू दे नायतर दहा हॉर्सपॉवरची. तिसऱ्या कट्ला मी बोर्डावरून माळ्याचा फ्यूज खेचला. चिनीमातीचा जुना फ्यूज, मीच बसवलेला, तू हसला होतास त्याला. तो खिशात टाकला.

हे सगळं ऐकून संजना बोलली, "मामा, एकदा परत चालू करून बघूया ना. कधीकधी होतं."

मी बोललो, "हात लावायचा नाय."

"अहो एकदाच."

"बेअरिंग वाजत असताना एकदाच एकदाच करून कंपनीतल्या मंगळ्याने आमचा पंप भंगारात घातला. हात लावायचा नाय."

तिने स्टेशनजवळच्या दुकानात फोन लावला. तो फोनवरच बोलला, आणा, चालू करून बघतो. न बघता चालू करणारा माणूस मी दारात उभा करत नाय. फ्यूज दसऱ्यापासून माझ्या बंडीच्या खिशात हाय, झोपताना पण.

मी बोललो, अगं तुझा दादा तीन-तीन कॉप्या ठेवा म्हणून सगळ्यांना ग्यान देतो, त्याच्याकडं पुण्यात असेलच की. तेव्हा तिने सांगितलं. फोटोंची हाय, कागदांची हाय. धवल्यांची नाय. तुझ्या आयने शब्द घेतला होता, माझा आवाज घराबाहेर न्यायचा नाय. म्हणून तू तेवढा एक डबा बोगद्यातून पलीकडं नेला नायस.

मला वाटलं होतं तू केव्हाच नेला असशील. तू मला पण तसा शब्द दिला असतास तर मी मोडलेलाच धरून चाललो असतो.

चार पानांतलं कुठलं पान कट् कट्साठी हाय ते कळव.

महादेव


पनवेल,
बुधवार, १५ ऑक्टोबर २०२५

चि. अंकुश,

तुझं काय उत्तर नाय. नको देऊस. हे पत्र कुरियरने पाठवतोय, बरोबर एक पुडकं हाय. ते आधी उघडू नको, आधी वाच.

काल संजना आली होती. हळदीच्या पत्रिका घेऊन. सगळीकडं फिरून माझ्याकडं शेवटी आली, म्हणजे काहीतरी बोलायचं होतं. चहा ठेवला. बोलली, "मामा, रागावणार नसाल तर सांगते."

"सांग आधी, रागावायचं मी बघतो."

"खंडेनवमीला दादाचा मला फोन आला ना, तेव्हा त्याने पेटीचं विचारलंच नाय. बोलला, आधी बाबा बरे हायत का ते विचार. शेजारच्या निशाकाकूंना खिडकीतून बघायला सांगितलं मी. त्या बोलल्या, म्हातारा मिक्सरला कुंकू लावतोय. मग दादाने फोन ठेवला."

मी बोललो, मला काय धाड भरली होती?

तर ती बोलली, "गाण्यांच्या डब्यात कोण कधी काय उघडतं ते त्याला पुण्यात दिसतं. तुम्ही रोज चारला मामीचे धवले लावता. त्या दिवशी पेटी पण लागेना, चारचं गाणं पण नाय. त्याला वाटलं, तुम्ही..."

चहा उतू गेला तो मी पुसला.

पहिल्यांदा मला तुझा रागच आला. बापावर पहारा ठेवतोस? तिकडं बसून मोजतोस म्हातारा काय ऐकतो? तासभर मी तुला मनात शिव्या घालत फेऱ्या मारल्या. मग कळलं की वर्षभर तुला माहीत होतं. आणि पेटी बंद पडेपर्यंत तू कोणाकडं बोलला नायस. आयची दुसरी अट तुला पण ठाऊक होती, संजनाच्या हळदीआधी हे उघडायचं नाय. मी रोज मोडत होतो. मला ते गाणं लग्नाबिग्नाशिवाय चारच्या चहाबरोबर पाहिजे होतं. तू मला एकदा पण हटकलं नायस, आणि कुलूप पण घातलं नायस. ते तुला एका बटणात जमलं असतं.

आता ते बोलतो जे दोन पत्रांत बोललो नाय.

तेराव्याला भरल्या पानांवर, सगळ्या भावकीसमोर मी बोललो की याला आय नको होती, आयची कॉपी पाहिजे होती, बाई मरत होती आणि हा मशीन लावून बसला होता. तू ताटावरून उठलास. मला तेव्हा वाटलं, बरं झालं, कोणीतरी बोलायला पाहिजे होतं.

मग दोन महिन्यांनी मी ते धवले पहिल्यांदा उघडले. तुला दाखवायला, की बघ यात काय नाय, नुसता खोकला हाय. तिसऱ्या धवल्यात मधेच माझा आवाज येतो. बाहेरून. मी ओरडतोय, "बंद कर ती मशीन!" तुला आठवत असेल, मी दारावर लाथ पण घातली होती, ती पण ऐकू येते. तुझा आवाज येतो, "आय, थांबू का?" आणि ती बोलते, "ओरडू दे त्याला. त्याला दुसरं काय येतं. तू चालू ठेव."

आणि पुढचं कडवं लावते. श्वास पुरत नाय तरी लावते.

मी रोज तेवढंच ऐकत होतो. धवला नंतर ऐकायचो, आधी ते. तिने मला कायम ओळखलेलं होतं, आणि तुला पण. मला कामाच्या मशीनमधलं कळतं, चालू ठेवायची कुठली आणि बंद करायची कुठली. ही एक मी उलटी धरली. तेव्हा पण, आणि खंडेनवमीला पण.

हे लिहिताना मला अजिबात बरं वाटत नाय, तेव्हा परत विचारू नको.

आता पुडकं उघड. त्यात माळ्याचा फ्यूज हाय. फडक्यात गुंडाळलाय, चिनीमाती हाय, आपटू नको. बोर्डावर त्याची खाच मोकळी हाय, दुसरा फ्यूज मी घरात ठेवलेला नाय आणि आणू पण देणार नाय. आमच्यात नियम होता, लाइन दुरुस्तीला घेतली की फ्यूज ज्याच्या हातात, तोच येऊन बसवणार. मग मॅनेजर येऊ दे नायतर मालक, दुसऱ्याने हात लावायचा नाय. तोपर्यंत बोर्डाला पाटी, माणूस कामावर हाय, चालू करू नये. पाटी मी लावलीय. तिच्यावर नाव लिहावं लागतं, तुझं लिहिलंय.

पेटीतली फिरणारी चकती तुला उघडायची असेल तर इथं उघड, नायतर पुण्याला कोण चांगला माणूस असेल त्याच्याकडं ने. आय आवाज घराबाहेर न्यायचा नाय बोललेली, पण तिच्या नवऱ्याने घरातच वाट लावली, आता तिला मी समजावतो. वाजली तर सोळा नोव्हेंबरला मांडवात संजनाच्या कानावर पडेल. नाय वाजली तर ते तिला मी सांगणार, तू नाय. ते काम माझं हाय. पण मला तेव्हा बाजूला कोणीतरी पाहिजे.

चार पानांची गरज नाय. दारातून ये. बोगद्यातून आलास तर आत घेणार नाय.

लाइनच्या कामाला आमी चिठ्ठी भरायचो, दोन सह्यांची. तशीच खाली भरून पाठवतोय. दुसरी जागा माझ्याच्याने भरता येत नाय, नियमात बसत नाय.

लाइन: माळा
बंद करणारा: महादेव
चालू करणारा: