हिरवळीवरच्या बादल्या

प्रिय भानू,

विद्यापीठाला वरची श्रेणी मिळाल्याचं वाचून तू केलेला फोन मी घाईत ठेवला. बैठक आहे म्हणाले. बैठक नव्हती, तुझ्या तोंडून कौतुक ऐकवेना. आता फोनवर सांगायला गेले तर पहिल्या वाक्यालाच तू मला सावरून घेशील, आणि तू सावरलंस की मी तिथंच थांबेन. म्हणून लिहिते आहे.

इथला उन्हाळा तुला सांगायला नको. शिकत असताना उस्मानपुऱ्यातल्या खोलीत आपण एका घागरीत दोघींचं भागवायचो, आणि केस धुवायचे म्हटलं की तू घरमालकिणीची मनधरणी करत बसायचीस. आता शेंद्र्याच्या पुढं माळावर, मी कुलगुरू असलेलं विद्यापीठ आहे. काचेच्या इमारती, रुंद रस्ते, आणि मुलींच्या वसतिगृहात आठवड्यातून दोनदा पाणी. मुलींनी अर्ज दिले. मी ते कुलसचिव श्रीनिवासरावांकडं पाठवले. ते म्हणाले, मूल्यांकन समिती येऊन जाऊ द्या, मग बघू. मला पटलं. अनुदान, नवे विभाग, सगळं त्या समितीवर अवलंबून होतं. सभागृहासमोरची हिरवळ मात्र रोज टँकरनं भिजत होती. मी तिच्याजवळूनच जायची. दिसत नव्हतं असं नाही गं.

समिती आली त्या दिवशी मी भाषण केलं. आमची मूल्यं, समाजाशी नातं, पुढची दिशा. चांगलं झालं. 'विद्यापीठ म्हणजे भिंती नव्हेत, एकमेकांचं ऐकून घेणारी माणसं' असं म्हणताना मला स्वतःलाच भरून आलं. पाहुण्यांना घेऊन बाहेर आले, तर हिरवळीवर वसतिगृहाच्या मुली रिकाम्या बादल्या घेऊन उभ्या. घोषणा नाहीत, फलक नाहीत. पहारेकरी त्यांना मागं सारत होते, तेवढ्यात एक मुलगी पुढं आली आणि समितीच्या अध्यक्षांना म्हणाली, "सर, आमचं शेत धरणात गेलं. त्याच धरणाचं पाणी पाइपानं इकडं येतं. ह्या गवताला मिळतं, मग आमाला का नाय?"

अध्यक्ष परराज्यातले, त्यांना मराठी येत नव्हतं. त्यांनी मला विचारलं, काय म्हणते ही? आणि भानू, मी हसले. म्हणाले, आमच्या विद्यार्थिनींचं पथनाट्य आहे, पाणी वाचवा म्हणून गावोगावी करतात.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एकानं फोटो काढला. मी इंग्रजीत बोलले होते, पण मुलींना कळलं. आम्हीच शिकवतो ना त्यांना. ती मुलगी माझ्याकडं बघत राहिली. चिडली असती तर बरं झालं असतं. आपल्याच ऐकण्यात काही चुकलं असेल, मॅडम आता नीट सांगतील, अशी वाट बघत होती ती. मी पाहुण्यांना जेवायला घेऊन गेले.

अहवालात त्या 'पथनाट्या'चं खास कौतुक आलं. श्रीनिवासरावांनी फोटो माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर टाकला. तो बघून ती मुलगी माझ्या दालनात आली. बस म्हटलं तरी बसली नाही. "मॅडम, आमी नाटक नव्हतो करत."

मी म्हणाले, "पण पाणी सुरू झालं ना? आता रोज येतंय."

"येतंय की. पण आमचं खरं हुतं, त्याचं तुमी नाटक केलं. आता आमी काय बी बोललो तरी लोक टाळ्याच वाजवतील."

मी तिला संस्थेचं हित समजावलं. वर काय म्हणाले ठाऊक आहे? स्नेहसंमेलनात हेच पथनाट्य बसवा, दिग्दर्शन तू कर. तिनं मान खाली घातली, "येते," म्हणाली आणि गेली. पुढच्या आठवड्यात वसतिगृहातली तिची खोली रिकामी होती.

ती गोदावरी, भानू. तुझी गोदी. शाळेत तू घडवलेली, आणि प्रवेशाच्या दिवशी पैठणहून स्वतः घेऊन येऊन 'ही आता तुझ्या स्वाधीन' म्हणून माझ्या हवाली केलेली. मागच्या महिन्यात लग्नात भेटलो तेव्हा तू किती पोटतिडकीनं बोलत होतीस. "शिक्षण सोडून घरी बसली, मन लागत नाही एवढंच सांगते, तुझ्या नावाला काळिमा लावला म्हणून मी तिला नाही नाही ते बोलले, आता तिचा बाप पुंजाराम तिला स्थळं बघतोय." तिनं कुणाला काही सांगितलं नव्हतं. तुझ्याजवळचं माझं नाव त्या पोरीनं राखलं. आणि मी पंगतीत बसून म्हणाले, "अगं बाई, हो का? वाईट झालं."



काल समितीला खरं काय ते कळवलं. पाठवण्याआधी ते पत्र वसतिगृहातल्या मुलींना वाचून दाखवलं. मला वाटलं होतं, त्यांना बरं वाटेल. एक म्हणाली, "श्रेणी गेली तर आमच्या डिगरीला कोण विचारील?" दुसरी म्हणाली, "हे तवाच बोलायचं होतं." दोघींचंही खरं होतं. श्रीनिवासराव म्हणाले, "संस्था मोठी की एक मुलगी?" इतकी वर्षं मीही हेच विचारत आले. पुढची दिशा म्हणशील तर नव्या सभागृहाचं काम थांबवून आधी पाण्याची टाकी बांधायची, आणि कार्यकारिणीत वसतिगृहाची एक मुलगी बसवायची, एवढंच सुचतंय. तोवर माझी खुर्ची राहील की नाही, माहीत नाही.

रविवारी मी पैठणला येते. गोदीच्या दारात एकटीनं जायचा धीर होत नाही. ते लोक मला घालवून देणार नाहीत. तिची आई द्वारकाबाई चहा टाकतील, आणि लेकीच्या लग्नाला या म्हणतील. म्हणून तू बरोबर चल, पण तिथं माझी बाजू घेऊ नकोस. तिच्या आईबापाच्या देखत मला सांगायचंय की पोरगी शिक्षणाला कंटाळून आली नाही, मी तिला घालवलं. ती परत आली नाही, तर दुसरीकडं प्रवेश मिळवून देणं माझ्याकडं लागलं. पण रविवारपर्यंत थांबू नकोस. हे वाचून झालं की आधी तिच्याकडं जा. तू तिला जे बोललीस, ते खरं तर मला ऐकवायला हवं होतं, एवढं तिला सांग.

तुझीच,
प्रमोदिनी