वस्तीची गाडी

९ मार्च

संप! पहाटे गाडी सुटलीच नाही. काल रात्री वस्तीला आलेली बस मारुतीच्या देवळापुढं तशीच उभी. यल्लाप्पा – ड्रायव्हरही तोच, कंडक्टरही तोच – पायरीवर बसलेला. चावी खिशात. "सगळीकडं बंद हाय, अण्णा. मी एकट्यानं कशी काढू? आन् सोडून गेलो, काच फुटली, तर माझ्या नावावर."

स्वरालीचा चेहरा उतरला. "आज्जा, शनिवारी पहिला पेपर!" नात बारावीला. सेंटर खानापूर. म्हटलं, तोवर मिटेल गं.

दुपारी गाडीच्या सावलीत बसलो. शाळेतल्या कविता आठवत होत्या. त्यांतल्या गाड्या सगळ्या पळणाऱ्या! थांबलेल्या गाडीवर कुणी चार ओळी लिहिल्यात की नाही, कोण जाणे.

१० मार्च

मिटला नाही.

११ मार्च

देवळापुढं भांडण. वस्तीच्या ड्रायव्हरला रोज एका घरानं जेवण द्यायचं, ही गावची रीत. गाडी पहिल्यांदा आली तेव्हा मी चौथीत होतो. बॉनेटला झेंडूचा हार, आम्ही पोरं रांगेत, कविता तालात म्हटलेली. पहिली भाकरी आमच्या आईनं दिली. अजून डोळ्यापुढं आहे – ड्रायव्हरनं ती कपाळाला लावली होती.

आणि आज गुंडू ओरडतोय, "गाडी बंद तर भाकरी बंद! फुकट बसून खातंय!" यल्लाप्पा खाली मान घालून काच पुसत राहिला.

पाळी नेमकी आमची. सरोजिनी – माझी सून – भाकरी थापत होती की परातीला मारत होती! "माझ्या पोरीचं वर्ष बुडवायला बसलाय, आन् मी त्याला वाढू?" मग डबा तिनंच भरला. वर अंबाड्याची भाजी – त्याला आवडते, सगळ्या गावाला ठाऊक. "पाळी ती पाळी. न्या, मामा. मी न्हाय त्याचं तोंड बघणार."

गेलो तेव्हा तो वरच्या पायरीवर, फोन कानाला. रेंज तिथंच. युनियनवाले असतील. मला बघून फोन ठेवला, डोळे पुसले. म्हणाला, "धूळ लई, अण्णा."

जेवता जेवता बोलला. "शिव्या ऐकू येत्यात. पन डबल ड्युटी करून स्टेअरिंगवर डोळा लागतोय. मागं पोरं बसल्याली असत्यात. कुनाला सांगायचं?"

मी उरलेली भाजी त्याच्यापुढं सरकवली.

१३ मार्च

परीक्षा पुढं ढकललेली नाही. वडापच्या, माणसं भरून नेणाऱ्या जीपा फाट्याच्या आत येत नाहीत. मोटरसायकलवाले पहाटेच उद्यमबागच्या कारखान्यांकडं जातात. खाडा केला तर काम जाईल म्हणतात. राहिली फाट्यापर्यंतची रानातली वाट. परवाच तिथं अस्वल दिसलं. स्वराली म्हणते, "चालत जाते." एकटी? माझे गुडघे हे असे. कवितेतल्या रानात पाखरं असतात, अस्वल नसतं.

संध्याकाळी यल्लाप्पा दारात. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आमच्या दारात! उंबऱ्याबाहेरच उभा.

"गाडी काढनार न्हाय, आक्का. काढली तर माझ्या मानसांस्नी तोंड कसं दाखवू? पन माझं पाय काय संपावर न्हाईत. पोरास्नी फाट्यापतोर मी न्हेतो."

सरोजिनीनं पदराला हात पुसले. मग म्हणाली, "आत तरी या."

१४ मार्च

उजाडताना निघाले; गाडीची राखण माझ्याकडं. यल्लाप्पा पुढं, खाकी शर्ट घालून, हातात काठी. मागं स्वराली, आणखी तीन पोरं – आणि गुंडूची सौम्या! गुंडू स्वतः सोडायला आला. यल्लाप्पानं विचारलं, "काय गुंडूअण्णा, तिकीट काढलंसा न्हवं?" गुंडू पहिल्यांदा हसला.

स्वराली परत आली ती हसतच. ओढ्याच्या थांब्यावर यल्लाप्पा म्हणे खरोखर थांबला, शिट्टी मारली, मागं बघितलं, परत शिट्टी मारून निघाला. "सवय हाय. अस्वलालाबी कळू दे, गाडी आली म्हनून!"

पेपर चांगला गेला. वेळेत पोचली.

रात्रीचा डबा गुंडूच्या घरनं. मी पाहिला – वरपर्यंत भरलेला.

१७ मार्च

दुसऱ्या पेपरालाही तोच घेऊन गेला. तळव्याला फोड. सरोजिनीनं खोबरेल दिलं.

१९ मार्च

संप मिटला! पहाटे हॉर्न वाजला. आईची भाकरी आठवली. काय मिळालं, विचारलं यल्लाप्पाला. "बघू म्हनालेत."

२१ मार्च

आज पाळी आमची. डबा घेऊन स्वराली स्वतः गेली, मी मागोमाग. तिनं विचारलं, "काका, तुमच्या घरी कोण कोण?"

आम्ही कुणी कधी विचारलंच नव्हतं.

"एक पोरगी. तेजस्वी. लोंढ्याच्या पल्याड गाव. तीबी बारावीलाच, तुझ्यागत." डबा उघडता उघडता थांबला. "पैल्या पेपराला पोचली न्हाय. तिकडंबी रानच. पुढं चालायला कोन न्हवतं."